इबादानचं पोस्टकार्ड

ऑक्टोबर १९६१. नायजेरियातल्या इबादान शहरात, युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आवारात, एका विद्यार्थ्याला खाली पडलेलं पोस्टकार्ड सापडलं. ते लिहिलं होतं मार्जरी मिचेलमोर या २३ वर्षांच्या अमेरिकन मुलीनं. स्मिथ कॉलेजची गुणवंत पदवीधर, आणि 'पीस कोअर' या अमेरिकन सरकारच्या, परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेच्या नायजेरियात आलेल्या पहिल्या तुकडीतली स्वयंसेविका. कार्ड अमेरिकेतल्या मित्राला होतं आणि टपालात पडायच्या आधीच हातून निसटलं होतं. ज्याला सापडलं त्यानं ते वाचलं, आणि बघता बघता त्याच्या प्रती वसतिगृहांतून फिरू लागल्या. विद्यार्थ्यांची सभा भरली. या स्वयंसेवकांना देशाबाहेर काढा, अशी मागणी झाली. प्रकरण जगभरच्या वर्तमानपत्रांत गेलं आणि तिथून थेट अध्यक्ष केनेडींच्या टेबलावर.

परदेशी स्वयंसेवक म्हणून निघालेल्या मुलामुलींच्या तयारीवर्गात मी हे प्रकरण चर्चेला ठेवते. पहिल्या फेरीत ठरलेलं उत्तर येतं: कार्ड नीट पेटीत टाकायला हवं होतं. म्हणजे लिहिलं ते ठीक, पकडली गेली ते वाईट. कार्ड पेटीत पडलं असतं तर बोभाटा झाला नसता हे खरंच. पण जे बिघडलं होतं ते तसंच राहिलं असतं, कुणाला दिसलं नसतं इतकंच.

शहर आणि शाळा

नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० ला स्वतंत्र झाला होता. इबादान ही त्याच्या पश्चिम प्रांताची राजधानी. टेकड्यांवर पसरलेलं, गंजलेल्या पत्र्यांच्या छपरांचं, योरुबा लोकांचं अवाढव्य शहर. ते मागासलेलं होतं असं एका शब्दात म्हणून मोकळं व्हायची सोय नाही. ओबाफेमी अवोलोवो यांच्या सरकारनं या प्रांतात १९५५ पासून प्राथमिक शिक्षण मोफत केलं होतं. १९५९ मध्ये इथं दूरचित्रवाणी केंद्र सुरू झालं. मुंबईला टीव्ही १९७२ साली आला, हे आपल्याकडच्या वाचकांनी मनात ठेवावं. युनिव्हर्सिटी कॉलेज १९४८ पासूनचं, लंडन विद्यापीठाशी जोडलेलं. चिनुआ अचेबे आणि वोले सोयिंका हे नामवंत लेखक याच आवारात शिकून बाहेर पडले होते.

मोफत प्राथमिक शिक्षणानं एक नवी अडचण उभी केली. प्राथमिक शाळेतून पोरांचे लोंढे बाहेर पडले आणि माध्यमिक शाळांचं दार ठोठावू लागले. तिथं शिकवायला पदवीधर माणसं पुरेनात. १९६० च्या अ‍ॅशबी आयोगानं शिक्षकांच्या या तुटवड्यावर बोट ठेवलं होतं. तेव्हा परदेशी शिक्षक नायजेरियाला हवेच होते. पीस कोअर कुणी त्यांच्यावर लादली नव्हती.

केनेडींनी १ मार्च १९६१ ला आदेश काढून ही संस्था उभी केली आणि तिचं संचालकपद आपले मेहुणे सार्जंट श्रायव्हर यांच्याकडे दिलं. कायद्याची मोहोर उमटली २२ सप्टेंबरला. म्हणजे कार्ड सापडलं तेव्हा तो कायदा महिन्याभराचाही नव्हता. नायजेरियाच्या तुकडीनं उन्हाळ्यात हार्वर्डमध्ये प्रशिक्षण घेतलं, मग इबादानच्या वसतिगृहांत राहून पुढची तयारी सुरू केली. त्यानंतर सगळ्यांनी प्रांतातल्या माध्यमिक शाळांवर पांगायचं होतं. मार्जरीनं कार्ड लिहिलं तेव्हा ज्या मुलांना शिकवायचं, त्यांच्यासमोर उभं राहणं अजून बाकी होतं.

विद्यार्थी आधीच तापलेले

प्रकरण सांगताना लोक हा भाग गाळतात आणि मग विद्यार्थी उगाच माथेफिरू वाटू लागतात. नोव्हेंबर १९६० मध्ये याच कॉलेजची पोरं ब्रिटनबरोबरच्या संरक्षण कराराविरुद्ध लागोसला संसदेवर चालून गेली होती. स्वातंत्र्य दिलं आणि मागच्या दारानं लष्कर ठेवलं, असा त्यांचा राग होता. जानेवारी १९६१ मध्ये काँगोत तिथले पहिले पंतप्रधान लुमुंबा यांचा खून झाला आणि आफ्रिकाभर संशयाची बोटं अमेरिका-बेल्जियमकडे वळली. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पाठबळावर क्यूबात घुसखोरीचा फसलेला प्रयत्न झाला. मे महिन्यात अलाबामात, काळे-गोरे एकत्र बसून प्रवास करतात म्हणून एक बस पेटवून देण्यात आली. त्याच वर्षी मेरीलँडमधल्या रूट ४० वरच्या एका उपाहारगृहानं चाडच्या राजदूतांना कॉफी द्यायला नकार दिला.

अशा वर्षी अमेरिकन सरकारच्या खर्चानं तरुण मुलंमुली 'मदत करायला' येतात. कुणालाही विचारावंसं वाटेल की बाबांनो, खरं काम काय? हेरगिरीची शंका कार्ड सापडायच्या आधीपासून हवेत होती. कार्डानं तिला हातात धरता येईल असा कागद दिला.

कार्डावर काय होतं

मजकूर जेमतेम दहा-बारा ओळींचा. सुरुवातीला मित्राची माफी: पत्राऐवजी कार्डच पाठवतेय, रागावू नकोस, पुढच्या वेळी पत्र नक्की. कार्ड का, तर आम्ही आहोत ते हे अद्भुत, भुरळ घालणारं शहर तुला बघायला मिळावं. मग ज्या वाक्यांनी घात केला ती. एवढं प्रशिक्षण घेऊनही, शहरात आणि रानात जी घाण आणि ज्या आदिम अवस्थेतलं जगणं सर्रास दिसतं, त्याला आम्ही तयार नव्हतो. अविकसित म्हणजे काय, याची आम्हाला कल्पनाच नव्हती. पहिला हादरा ओसरल्यावर मात्र हा अनुभव फार समाधान देणारा आहे. आम्ही सोडून सगळे रस्त्यावर राहतात, रस्त्यावर रांधतात, रस्त्यावर विकतात आणि रस्त्यावरच शौचालाही बसतात. शेवटी ताजा कलम: आम्ही इथं उरलेल्या जगापासून फारच तुटलेले आहोत.

हा मजकूर वर्गात मोठ्यानं वाचला की पोरं आधी हसतात. मग कुणीतरी म्हणतं, 'ताई, पण तिनं कौतुकपण केलंय की.' केलंय. अद्भुत शहर आहे, समाधान आहे. मुलगी दुष्ट नव्हती. चार दिवसांपूर्वी घर सोडलेली, डोळे विस्फारलेली, मित्राला रंगवून सांगणारी मुलगी होती. आपण सगळेच पहिल्या पत्रात असं लिहितो.

खोटं किती होतं? फारसं नाही. जुन्या इबादानात गटारांची बोंब होती आणि बाजार रस्त्याच्या कडेनंच भरत. हे विद्यार्थ्यांना मार्जरीपेक्षा जास्त ठाऊक होतं. आपल्या घरातला पसारा आपण दिवसभर बोलून दाखवतो, पण पाहुणा बाहेर जाऊन तेच चार लोकांत सांगू लागला की अंगाचा तिळपापड होतो. राग यायला एवढं पुरेसं होतं. पण मला यातली एक ओळ जास्त बोचते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रस्त्यावर विकतात, ही ओळ.

योरुबा शहरांत बाजार बायकांच्या हातात असतो. कापड, याम नावाचा कंद, मिरची, पामतेल, शिजवलेलं अन्न, सगळ्याचा घाऊक-किरकोळ व्यापार त्या करतात आणि पैसा त्यांच्या गाठीला असतो. इबादानात बायकांच्या प्रमुख बाईला इयालोडे हा मानाचा हुद्दा आहे, दरबारात तिचा शब्द चालत आलेला आहे. पोरांच्या शाळेची फी अनेक घरांत आईच्या याच व्यापारातून जायची. मार्जरीभोवती वसतिगृहात राहणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जण रस्त्याकडेच्या दुकानाच्या जोरावर विद्यापीठापर्यंत आले असणार. तिला दैन्य दिसलं. त्यांना त्या जागी आई बसलेली दिसली. हार्वर्डच्या प्रशिक्षणात याबद्दल कुणी चार शब्द सांगितले असते तर वाक्य बदललं असतं असं मला वाटतं, कारण मुलगी हुशार होती.

आणि 'आम्ही सोडून' या दोन शब्दांबद्दल. स्वयंसेवक कॉलेजच्या वसतिगृहात होते, भोजनगृहात वाढलेलं जेवत होते. पण तिथले नायजेरियन विद्यार्थीही तसेच राहत-जेवत होते! तेही रस्त्यावर रांधत नव्हते. म्हणजे शेजारच्या खोलीतला मुलगा, जेवणाच्या टेबलावर समोर बसणारी मुलगी या 'आम्ही'त तिला धरताच आली नाही. नकळत तिनं त्यांनाही रस्त्यावर नेऊन बसवलं. ताजा कलम बघा: जगापासून तुटलेलो आहोत. अवतीभवती शेकडो समवयस्क, इंग्रजी बोलणारी, वर्तमानपत्र वाचणारी, राजकारणावर रात्र-रात्र वाद घालणारी मुलं असताना हे वाक्य लिहिलं गेलं. ते त्या मुलांनी वाचलं.

पुढे काय झालं

सभेत ठराव झाला, घोषणा झाल्या. साम्राज्यवादाचे हस्तक, आंतरराष्ट्रीय हेर अशी विशेषणं लागली. मार्जरीनं माफी मागितली, राजीनाम्याची तयारी दाखवली आणि काही दिवसांतच तिला नायजेरियातून हलवण्यात आलं. उरलेले स्वयंसेवक वाळीत पडले. त्यांनी आधी स्वतःला कोंडून घेतलं, मग उपोषण आरंभलं. काही दिवसांनी नायजेरियन विद्यार्थी त्यांच्याशी बोलायला तयार झाले.

या उपोषणाबद्दल माझं मत मिश्र आहे. आपल्या देशात उपोषणाचं वजन काय हे आपल्याला सांगायला नको, आणि पाहुण्यानं यजमानाच्या घरी जेवण टाकणं हा एक प्रकारचा दबावच. पण याआधी जे काही होतं, ते सगळं वरच्या पातळीवरचं होतं: खुलासे, तारा, वकिलातीची धावपळ. दोन्हीकडची पोरं समोरासमोर आली ती यानंतर. ते निवेदनांनी झालं नसतं.

अमेरिकेत पीस कोअरच्या विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. शाळकरी वयाच्या पोरांना परराष्ट्र धोरण खेळायला दिलं की असं होणार, हा सूर. केनेडींनी मात्र मार्जरीला स्वतः चिठ्ठी लिहून कळवलं की आम्ही तुझ्या पाठीशी आहोत आणि तू पीस कोअरमध्येच राहावंस अशी आशा आहे. तिनं पुढे काही काळ वॉशिंग्टनच्या मुख्यालयात काम केलं. नायजेरियाच्या सरकारनं कार्यक्रम गुंडाळला नाही. तुकडी ठरल्याप्रमाणे शाळांवर गेली, आणि पुढच्या काही वर्षांत नायजेरिया हा पीस कोअरच्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमांपैकी एक झाला. १९६७ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि सगळंच विस्कटलं, पण ती वेगळी गोष्ट.

विक्रोळीची पत्रं

पीस कोअर आपल्याकडेही होती. १९६१ च्या अखेरीस पहिली तुकडी पंजाबात आली, १९७६ मध्ये कार्यक्रम बंद झाला. महाराष्ट्राशी जोडलेलं सर्वांत ठळक नाव म्हणजे लिलियन कार्टर, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई. १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी त्या परिचारिका म्हणून विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत आल्या आणि १९६८ पर्यंत राहिल्या. (कार्टरपुरी हे गाव हरियाणात आहे म्हणून अनेकांना त्या तिथं होत्या असं वाटतं. कामाची जागा विक्रोळी.) त्यांनी घरी धाडलेली पत्रं १९७७ मध्ये पुस्तकरूपानं आली. घाण, रोगराई, किळस, घरची आठवण, सगळं त्यांत आहे. इबादानच्या कार्डापेक्षा कडक शब्दही असतील. तरी विक्रोळीत मोर्चा निघाला नाही.

पत्रं हरवली नाहीत हे एक कारण, आणि छापून आली तोवर दहा वर्षं उलटली होती हे दुसरं. पण फरक एवढाच नाही. विक्रोळीच्या पत्रांत दवाखान्यात येणारी माणसं आहेत, एकेकटी, आपापल्या दुखण्यांसकट. रोज त्याच रांगेला हात लावायचा म्हटल्यावर 'सगळे' असं लिहिता येत नाही. वयाचाही भाग आहे. ६८ वर्षांच्या बाईला मित्रावर छाप पाडायची नव्हती. मार्जरीला तेवढा वेळ मिळालाच नाही, आणि तिच्या कार्डाचा न्याय करताना ही गोष्ट तिच्या बाजूनं धरायला हवी.

आपल्या मुलांची कार्डं

आता आपली पोरं बाहेर जातात. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांपैकी काही जण जर्मनीच्या सरकारी स्वयंसेवा योजनेत, बीएफडीमध्ये, सहसा वर्षभरासाठी जातात. अनिवार्य लष्करी भरती स्थगित झाली तेव्हा तिच्याबरोबरची नागरी सेवाही थांबली, आणि तिची जागा २०११ पासून या योजनेनं घेतली. राहण्याची सोय बरेचदा संस्था करते, हातखर्च मिळतो, आणि काम बालवाडीत, वृद्धाश्रमात नाहीतर शाळेनंतर पोरं जिथं जमतात त्या युवा केंद्रात. २७ वर्षांखालच्यांना वर्षभराच्या सेवेत २५ दिवस शिबिरांना बसावं लागतं. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय काढायचे नाहीत आणि कुठं पोस्ट करायचे नाहीत, हे सगळ्यांना सांगितलं जातं आणि आपली मुलं ते बहुतेक पाळतात.

पण मजकुराचं काय? घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातं ते साधारण असं: 'इथली पोरं मोठ्यांना नावानं हाक मारतात, शिक्षकांसमोर पाय टेबलावर. आईवडील वेगळे, एक आठवडा हिच्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे. संस्कार नावाची चीजच नाही.' मग मावशीचा हात जोडलेला इमोजी, काकांचं 'आपली संस्कृती ती आपली'. तीच वाक्यं थोडी सजून रीलच्या खाली येतात, मराठीत. मराठी कुणाला कळतंय, असा भरवसा असतो. युवा केंद्रातल्या चौदा वर्षांच्या पोराला स्वयंसेविकेचं खातं शोधायला आणि भाषांतराचं बटण दाबायला किती वेळ लागतो, हे त्या पोरांत राहूनही यांच्या लक्षात येत नाही.

मार्जरीनं गटारं पाहिली, आम्ही संस्कार पाहतो. घाट तोच: आम्ही सोडून सगळे. ज्या पोराची आठवड्याला दोन घरं आहेत त्याला ती वाक्यं कुठं लागतील, हे इबादानच्या मुलांना आईच्या दुकानाबद्दलचं वाक्य कुठं लागलं असेल त्यावरून समजतं. आणि तो आपल्याकडे रोज दुपारी येतो, फूसबॉलच्या टेबलावर शेजारी उभा राहतो, कधीतरी घरातलं काही बोलतो. वाचल्यानंतर तो बोलायचं थांबेल. तक्रार करणार नाही, मोर्चा काढणार नाही. येणं कमी करेल, आणि आपल्या अहवालात 'मुलांचा प्रतिसाद घटला' अशी ओळ पडेल.

मग काही लिहायचंच नाही का? वर्गात हा प्रश्न हमखास येतो. लिहावं, भरपूर लिहावं. मी फक्त एक अट घालते: ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस समोर बसलाय असं धरून वाचून दाखवता आलं पाहिजे. यावर एका मुलीनं मला अडवलं होतं. 'मग रडायचं कुणाजवळ? पहिल्या महिन्यात मला सगळंच घाण वाटणार, ते मी आईला पण नाही सांगायचं?' तिचं म्हणणं रास्त होतं. आईला फोन करावा. डायरी लिहावी. मन मोकळं करायची जागा लागतेच, आणि संस्थांनी ती द्यायला हवी, म्हणजे ती ग्रुपवर शोधावी लागणार नाही. इबादानच्या तुकडीसाठी अशी जागा कुणी ठेवली होती असं दिसत नाही. मित्राला धाडायचं एक कार्ड, तेवढीच.

तिला परत न्यायला हवं होतं का?

शेवटची फेरी या प्रश्नाची असते आणि वर्ग बहुधा दुभंगतो. न्यायलाच हवं होतं म्हणणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे: एका मुलीपायी सगळ्या तुकडीवर रोष, कार्यक्रमच धोक्यात, शिवाय तिच्या जिवाची काळजी. त्या आठवड्यात निर्णय घेणाऱ्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित विमानाचं तिकीटच काढलं असतं.

तरी मला तो निर्णय चुकीचा वाटतो. तिला हलवल्यानं चर्चेचा विषय 'हे लोक आपल्याकडे कसं बघतात' यावरून 'ती मुलगी कोण होती' यावर सरकला. उरलेल्या स्वयंसेवकांपैकी कितीजणांनी मनात तेच लिहिलं होतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण आता दोषी सापडली होती आणि ती निघूनही गेली होती. विद्यार्थ्यांशी बोलणी झाली ती तिच्या माघारी. जिनं वाक्य लिहिलं आणि ज्यांना ते लागलं, त्यांनी एका टेबलावर बसून त्याबद्दल बोलावं, ही संधी हातची गेली. शिवाय पश्चिम नायजेरियातल्या कुठल्यातरी माध्यमिक शाळेत जो वर्ग तिच्या नावावर लागायचा होता, त्याला त्या सत्रात एक शिक्षक कमी पडला.

हा शेवटचा मुद्दा चर्चेत आपणहून कुणी काढत नाही. अमेरिकेची अब्रू, पीस कोअरचं भवितव्य, विद्यार्थ्यांचा स्वाभिमान, मार्जरीचं काय झालं, सगळं बोलून होतं. ज्या पोरांना शिकवायला ती निघाली होती त्यांचा विषय मलाच काढावा लागतो.